तिकिटावरचे सत्तावन्न टक्के

भारतीय रेल्वेच्या तिकिटावर २०१६ पासून बारीक अक्षरांत एक ओळ दिसू लागली: प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम वसूल होते. उरलेली तूट मुख्यतः मालवाहतूक भरून काढते. कोळसा, सिमेंट, लोखंड यांच्या भाड्यातच प्रवाशांचा भार मिसळलेला असतो. म्हणजे विजेचे बिल भरणारा माणूस नकळत कुणाच्या तरी लोकलच्या पासाला हातभार लावतो. मुंबई उपनगरी गाडीचे दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये आहे. तेवढ्यात कटिंग चहाही मिळत नाही.

रस्त्याचा खर्च असा छापून येत नाही. रूळ, सिग्नल, पूल यांची देखभाल रेल्वे स्वतःच्या हिशेबात धरते. एसटी किंवा खासगी मोटार ज्या डांबरावरून धावते, त्याचा खर्च मात्र बांधकाम खाते, जिल्हा परिषद, महापालिका यांच्यात विखुरलेला. इंधनावरचा उपकर आणि टोल त्यातला काही भाग देतात; धूर, अपघात, कोंडीत गेलेले तास कुणाच्याच वहीत नसतात. शिवाय रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते: भार दुप्पट, तर झीज सोळापट. टोल काही सोळापट होत नाही.

त्यामुळे तुलना मार्गागणिक करावी लागते. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची लोकल हजारो माणसे नेते. तिथे अनुदान स्वस्तच पडते. तुरळक वस्तीच्या शाखामार्गावर मात्र रिकामे डबे ओढण्यापेक्षा एसटी परवडते.