उचल आणि परगावची मजुरी



दिवाळी सरली की आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतील घरांना कड्या लागू लागतात. भात, नाचणी, वरई खळ्यावरून घरी येते. परंतु डोंगरउतारावरील एका पावसाळी पिकावर वर्ष निघत नाही. आषाढात जेथे पाऊस थांबत नाही, तेथेच चैत्रात हंडाभर पाण्यासाठी ताटकळावे लागते. मग माणसे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात.

पोटासाठी परगावी जाण्यात कमीपणा मुळीच नाही. प्रश्न एवढाच की, आपला माणूस मोकळा जातो की बांधलेला?

भट्टीवरील मजुरी हजार विटांवर ठरते. आधी घेतलेली उचल आणि आठवड्याची खर्ची तीतून वजा होते. हंगामाअखेर हाती किती उरले, हे मालकाची वही सांगते; आपल्या माणसापाशी वही नसते. उचल फिटली नाही, तर पुढील साली पुन्हा तीच भट्टी.

वडीलधाऱ्यांस ‘लग्नगडी’ हा शब्द ठाऊक आहे. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढावे आणि त्यापायी त्याच्या घरी राबत राहावे, अशी ती चाल. १९४५ च्या वारली उठावाने तिला हादरा दिला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. तथापि लग्नासाठी वा आजारपणासाठी उचल घेऊन जे जोडपे आज भट्टीवर जाते, त्याची स्थिती कितीशी निराळी आहे?

आम्ही उभा जन्म शाळेत घालविला. दिवाळीनंतर वर्गातील कितीतरी जागा रिकाम्या होत. त्या नावांपुढे ‘गैरहजर’ लिहिले की आपले कर्तव्य संपले, असे आम्ही मानीत होतो. ती आमची चूक होती. आईबापांच्या उचलीत मुलांची शाळाही गहाण पडत होती, हे आम्हांस उशिरा उमगले.

म्हणून चार गोष्टी सुचवितो. लग्ने साधी व्हावीत. संघाने अडीनडीसाठी लहानसा निधी उभारावा. मुलांस आजीआजोबांपाशी, आश्रमशाळेत अथवा हंगामी वसतिगृहात ठेवावे. आणि प्रत्येक कुटुंबाने उचल, खर्ची व विटा यांची नोंद स्वतःच्या वहीत करावी.

होळीस जो घरी येईल, त्याने ती वही बरोबर आणावी. हिशेब तपासून देण्यास आम्ही आमच्या ओटीवर बसून राहू.