पाकीट हरवल्यावरचा पहिला अर्धा तास



पाकीट हरवलेला माणूस बँकेच्या दारातून आत आला की काउंटरवरच्या आम्हा मंडळींना लगेच कळायचं. एक हात सारखा खिशाशी जायचा. आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेब, अडीच हजार होते हो त्यात!" कार्डाचं विचारलं तर म्हणायचा, "कार्ड होतं, पण पिन कुठे माहीत आहे कुणाला?"

खरी गडबड इथे आहे. रोख गेली ती गेली. पण कार्डावर लहरींसारखी छोटी खूण असेल, तर दुकानातल्या यंत्राला ते नुसतं टेकवून पैसे देता येतात. जानेवारी २०२१ पासून एका वेळी पाच हजार रुपयांपर्यंतच्या अशा खरेदीला पिन लागत नाही. तुम्हाला ही सोय नको असेल तर ती बंद करता येते. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहारही बंद करता येतात, रकमेची मर्यादाही घालता येते. बँकेच्या ॲपमध्ये हे सगळं असतं, पण बहुतेकांनी ते पान कधी उघडलेलंच नसतं.

पाकीट सापडेना झालं की आपण काय करतो? कालची पॅन्ट बघतो, गाडीची डिकी बघतो, चहाच्या टपरीवर विचारून येतो. यात दोन-तीन तास सहज जातात. तसं करू नका. आधी ॲपमधून कार्ड तात्पुरतं बंद करा आणि मग निवांत शोधा. सापडलं तर पुन्हा चालू करता येतं, नुकसान काहीच नाही. नाहीच सापडलं तर कायमचं बंद करून नवीन मागवा. कार्ड बंद झालं म्हणजे खातं बंद होत नाही. पासबुक घेऊन शाखेत गेलात तर पैसे मिळतात.

ॲप नसेल तर बँकेला फोन. पण तो नंबर छापलेला असतो कार्डाच्या मागच्या बाजूला, आणि कार्ड तर गेलेलं! मग घाबरलेला माणूस इंटरनेटवर नंबर शोधतो आणि तिथे बँकेच्या नावाने टाकलेला भामट्याचा नंबर त्याला सापडतो. म्हणून हा नंबर घरातल्या डायरीत आधीच लिहून ठेवा. फोन केल्यावर तक्रार क्रमांक आणि वेळ टिपून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुम्ही कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. कळवण्याआधीचं नुकसान तुमच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल, तर ते मात्र तुमचं.

निष्काळजीपणा म्हणजे काय? पिन लिहिलेली चिठ्ठी पाकिटातच ठेवणं. आणि दुसरा प्रकार, जो कुणाच्या लक्षात येत नाही: पिन म्हणून जन्मसाल ठेवणं. कार्डाशेजारच्या कप्प्यात आधार असतं, आणि त्यावर जन्मतारीख छापलेली असते. चोराला आणखी काय हवं!

आता सगळ्यात वाईट सवय सांगतो. मोबाइलच्या कव्हरमध्ये डेबिट कार्ड ठेवणं. यूपीआयचा पिन नव्याने ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि मोबाइलवर येणारा ओटीपी एवढं अनेक बँकांत पुरतं. म्हणजे ते कव्हर उचलणाऱ्याच्या हातात तुमचं खातंच आलं. फोनला कुलूप असलं तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. तेव्हा फोन आणि कार्ड दोन्ही एकदम गेली असतील तर आधी सिम बंद करा. शेजाऱ्याच्या फोनवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवा, आणि लगोलग कार्ड बंद करा.

पोलिसांकडे जाताना हरवलं की चोरीला गेलं, हे स्पष्ट सांगा. हरवलं असेल तर गहाळ झाल्याची नोंद होते. मुंबई-पुण्यात ती पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येते. खिसा कापला असेल तर तो चोरीचा गुन्हा आहे, तशीच फिर्याद द्या. लोकलमध्ये गेलं तर लोहमार्ग पोलीस, एसटीत राहिलं तर आगारातले वाहतूक नियंत्रक. नोंद करून काय होणार, असं म्हणू नका. २००६ साली सीएसएमटी-पनवेल लोकलमध्ये गेलेलं एक पाकीट पोलिसांनी २०२० मध्ये मालकाला परत दिलं. आत नोटबंदीत बाद झालेली पाचशेची नोटही होती!

पण मुळात पाकिटात इतकं कोंबायचं कशाला? पॅन कार्ड रोज खिशात नेण्याचं काही कारण नाही. लायसन्स आणि गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये दाखवले तरी २०१८ पासून ते मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत. आणि आधार लागतच असेल? मग संकेतस्थळावरून काढलेली ई-आधारची प्रत न्या, तीही तितकीच वैध असते. आणि सही केलेला कोरा चेक? तो आजच काढून ठेवा. आधार हरवलंच तर १९४७ या नंबरवर मदत मिळते, आणि बोटांचे ठसे ऑनलाइन कुलूपबंद करता येतात.

एसटीत किंवा लोकलमध्ये खिसा कापला जातो तो बहुधा दाराशी, चढण्याच्या रेटारेटीत. त्या मिनिटभर पाकीट पुढच्या खिशात आणि हात त्यावर, एवढं केलं तरी पुष्कळ.

पाकिटात एका चिठ्ठीवर घरच्यांपैकी कुणाचा तरी नंबर लिहून ठेवा. स्वतःचा नको, फोनही हरवलेला असू शकतो. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. भारतासह ४० देशांत सतरा हजारांवर पाकिटं मुद्दाम 'हरवून' पाहिली. बहुतेक देशांत पैसे असलेली पाकिटं पैसे नसलेल्या पाकिटांपेक्षा जास्त परत आली. लोक आपल्याला वाटतात तितके वाईट नसतात. फक्त परत कुणाला द्यायचं, हे त्यांना कळायला हवं.

मात्र "तुमचं पाकीट सापडलंय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पाकीट परत करायला ओटीपी लागत नाही. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर बँकेबरोबर सायबर हेल्पलाइनला त्याच क्षणी कळवा. कागद-पेन्सिल घ्या, नंबर सांगतो: एक, नऊ, तीन, शून्य. १९३०.