भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून काही लपवू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घर सांभाळणारी बाई. व्याख्यान देणे हे माझे काम नव्हे. पण गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून चार शब्द बोलते.

माझ्या पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन सकाळी दहाला ठरले. रात्रीनंतर काही खायचे नाही, असे बजावले होते. पण सकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, उपाशी पोटी कशी जाशील? चहाला कोण खाणे म्हणतो?" मी कपभर चहा घेतला, त्यात दोन बटरही बुडवून खाल्ले.

इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी विचारले, "मावशी, सकाळपासून काही घेतलंत?" मी चटकन "नाही" म्हटले. शेजारी माझी मुलगी होती. ती म्हणाली, "आई, चहा घेतलास ना?" झाले! ऑपरेशन राहिले. मला लाज वाटली, आणि रागही आला.

बाई मात्र रागावल्या नाहीत. स्टुलावर बसून त्यांनी समजावले. जागेपणी घास श्वासनळीकडे गेला की ठसका लागतो. तो ठसका म्हणजे घशाचा राखणदार. भुलीत तोही झोपतो. मग पोटातले वर आले तर फुप्फुसात उतरते आणि जिवावर बेतते. म्हणून दुधाच्या चहानंतरही सहा तास जावे लागतात, भरपेट जेवणानंतर त्याहून जास्त. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण तेही विचारूनच प्यावे.

मला वाटे, हे डॉक्टर सुई टोचून निघून जातात. तसे नाही. शेवटचा टाका पडेपर्यंत ते उशाशी असतात. नाडी, श्वास, रक्तदाब, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू, सारे पाहत असतात. त्यासाठी साडेपाच वर्षे डॉक्टरकी, आणि पुढे तीन वर्षे याच विद्येचे शिक्षण. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनला ईथरची भूल लोकांसमोर देऊन दाखवली. त्याआधी रोग्याला घट्ट धरून कापीत! आणि भगिनींनो, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दूनजी ही एक बाई क्लोरोफॉर्म देत होती, हे ऐकून माझा ऊर भरून आला.

मग माझी जीभ सैल झाली. मी मिश्री लावते हे सांगितले. आणि घरातही कुणाला ठाऊक नव्हते तेही सांगितले. मुलीच्या फीचे पैसे साठवण्यापायी मी दोन महिने रक्तदाबाची गोळी बंद केली होती. बाई म्हणाल्या, "तरीच दाब इतका दिसतोय! मावशी, हे चहापेक्षा महत्त्वाचं." गोळी पुन्हा सुरू झाली, मिश्री सुटली, आणि पंधरा दिवसांनी ऑपरेशन नीट पार पडले.

तेव्हा भगिनींनो, खाल्लेले, प्यालेले, चालू-बंद औषधे, तंबाखू, हलणारा दात, कवळी, पूर्वी भुलीने झालेला त्रास, सारे सांगा. नखांचा रंग काढून जा. लाजेपायी आपण पुष्कळ गोष्टी पोटात ठेवतो. पण जी बाई आपला श्वास सांभाळणार, तिच्यापासून काही ठेवू नये.