अंबाजोगाईचे एक कुलस्मारक



महोत्सवाच्या या मंगल दिवशी जे आपल्या आधी गेले त्यांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य होय. ते कसे करावे याचा एक उत्तम धडा आपल्याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई येथे, दगडावर कोरलेला आहे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाचा खोलेश्वर नावाचा पराक्रमी सेनापती होता. त्याच्या घराण्याचे शिलालेख अंबाजोगाईस सापडले आहेत. तेथील सकलेश्वराच्या देवळात शके ११५०, म्हणजे इ. स. १२२८ चा लेख आहे. हे देऊळ आता भग्न असून लोक त्यास बाराखांबी म्हणतात. इ. स. २०२४ मध्ये राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याच्या आवारात उत्खनन केले, तेव्हा दोन देवळांचे पाये उजेडात आले.

खोलेश्वराच्या मागून त्याचा पुत्र राम सेनापती झाला. गुजरातच्या स्वारीत नर्मदेकाठी लढताना तो पडला. त्याचा मुलगा लहान होता. म्हणून रामाची बहीण लक्ष्मी हिने भाच्याच्या नावाने कारभार पाहिला, आणि शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० मध्ये, भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देऊळ बांधविले. त्या कुळाची रीत देह अग्नीस देण्याची. तेथे थडगे नव्हे. परंतु दूर पडलेल्या भावाचे नाव बहिणीने घरी आणिले.

आमची रीत देह भूमीस देण्याची. वसईच्या किल्ल्यातील फ्रान्सिस्कन संन्याशांचे मंदिर आज छपरावाचून उभे आहे. तरी त्याच्या फरशीत थडग्यांचे कोरीव दगड दिसतात. इ. स. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, पोर्तुगीजांचे राज्य गेले. दगडावरील नावे मात्र राहिली.

आमच्याजवळ सेनापतीचे द्रव्य नाही. या जिल्ह्यातून दर वर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीस परमुलखात जातात. कोणी तिकडेच मरण पावतो, तेथेच मातीआड होतो, आणि उशाचा लाकडी क्रूस दोनचार पावसाळ्यांत कुजून जातो. मग नातवाला आजोबा कोठे निजला आहे हे सांगणारे कोणी उरत नाही.

धर्मग्रामाच्या वहीत नाव लिहिण्यास पाथरवट लागत नाही. म्हणून आमची नम्र विनंती आहे की, प्रत्येक घराने आपल्या मृतांची नावे, मरणाचे साल व गाव लिहून द्यावे. २ नोव्हेंबर रोजी, मृतांच्या स्मरणदिनी, ती मिस्सेच्या वेळी वाचली जावीत. आणि ज्यांची माती परक्या शिवारात आहे, त्यांची नावे सर्वांच्या आधी वाचावीत.