‘कूड’ : भिंत आणि आसरा

मुंबईच्या कष्टकऱ्यांच्या निवाऱ्याचा विषय निघाला की ‘चाळ’ हा शब्द प्रथम ओठांवर येतो. परंतु याच शहरात, धोबीतलाव आणि माझगाव भागात, गोमंतकीय श्रमिकांनी आणखी एक शब्द रुजविला. तो शब्द म्हणजे ‘कूड’.

मराठीत कूड म्हणजे काटक्याकुटक्यांची, शेणमातीने लिंपलेली भिंत. संस्कृतातील ‘कुड्य’ही भिंतच. कोंकणीत मात्र कूड म्हणजे खोली. ‘छप्पर’ म्हणताच जसे सारे घर अभिप्रेत होते, तसेच हे. पुढे मुंबईत या शब्दाला तिसरा अर्थ लाभला : एका गावच्या लोकांनी वर्गणीतून चालविलेले सामायिक बिऱ्हाड.

या अर्थामागे पोटाचा प्रश्न होता. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात रोजगार तोकडा. म्हणून एकोणिसाव्या शतकापासून तेथील ख्रिस्ती तरुण खलाशी, आचारी, वादक होऊन मुंबईस येऊ लागले. आज बंदरात आणि उद्या समुद्रावर असणाऱ्या माणसाला खोली कोण देणार? गावकऱ्यांनीच ती घेतली. प्रत्येकाला एक पेटी ठेवण्यापुरती व अंथरूण पसरण्यापुरती जागा, एका बाजूस वेदी, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, वर्षातून एकदा ग्रामसंताचा सण. मालक जहाजावर गेला तरी पेटी कुडीत सुरक्षित राही. सरकार वा मालकवर्ग यांपैकी कोणीही न दिलेली ही सामाजिक सुरक्षा श्रमिकांनी स्वतः उभारली. गिरणगावातील कोकणी गावमंडळांच्या खोल्यांमागेही हीच प्रेरणा होती.

तथापि, या व्यवस्थेचा केवळ गौरव करून भागणार नाही. कूड ही अखेर भिंतही होती. परगावच्या माणसाला तेथे हक्क नव्हता आणि स्त्रियांना सहसा वास्तव्यच नव्हते. गावकीच्या बंधुभावाचे व्यापक श्रमिक-बंधुत्वात रूपांतर होणे ही पुढची पायरी बाकीच राहिली.

१९६१ साली गोवा मुक्त झाला, जहाजांवरील कामाचे स्वरूप पालटले, अनेक कुडी ओस पडल्या; काही अद्याप टिकून आहेत. मात्र मुंबईची जमीन सोन्याच्या मोलाची झाल्यावर पुनर्विकासाच्या हिशेबात कुटुंब आणि चौरस फूट मोजले जातात; सामायिक आसऱ्याला त्यात रकाना सापडणे कठीण. शहरात पोटासाठी येणारा एकटा माणूस मात्र आजही येतोच आहे. त्याच्यासाठी परवडणाऱ्या, सहकारी आणि स्त्री-पुरुष दोघांनाही खुल्या निवासांची मागणी श्रमिक चळवळीने हाती घेतली पाहिजे. कुडीतील आसरा जपावा, भिंत तेवढी काढावी.