सरफोजी : एका दुर्मिळ नावाची वाटचाल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला आभारी आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही आपण दिलेत. आज मी एका नावाविषयी बोलणार आहे. ते नाव आहे 'सरफोजी'. आपल्यापैकी कोणाच्या घरी या नावाचा मुलगा असेल असे मला वाटत नाही. शहाजी आहेत, संभाजी आहेत, तुकोजीही क्वचित आढळतील. परंतु सरफोजी हे नाव महाराष्ट्रात जवळजवळ कोणी ठेवत नाही. तरीही स्वदेशापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना या नावाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. शिवाय त्याच्या वाटेवरचा एक मुक्काम आपले बेंगळुरूच आहे.

प्रथम नावाचा उगम पाहू. 'सरफोजी' ऐकताच पुष्कळांना 'सराफ' आठवतो. त्या शब्दाशी या नावाचा काही संबंध नाही. मूळ शब्द आहे 'शरीफ'. तो अरबी असून त्याचा अर्थ कुलीन, थोर, प्रतिष्ठित असा होतो. वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांना बराच काळ संतान नव्हते. अहमदनगर येथील, म्हणजे 2024 पासून ज्या शहराला अहिल्यानगर म्हणतात तेथील, शाह शरीफ या पिराला नवस केल्यावर त्यांना दोन पुत्र झाले आणि त्या पिराच्या नावाचे दोन भाग करून थोरल्याला शहाजी व धाकट्याला शरीफजी अशी नावे ठेवली, ही परंपरा प्रसिद्धच आहे. छत्रपतींच्याच आश्रयाने कवींद्र परमानंदाने रचलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही ती आली आहे. म्हणजे नातवाच्या दरबारातही ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी कोणास वाटली नाही.

येथे नावाच्या घडणीकडे थोडे लक्ष द्यावे. मालोजींच्या धाकट्या बंधूंचे नाव विठोजी. विठ्ठलावरून विठोजी, खंडोबावरून खंडोजी, कान्हावरून कान्होजी, तशाच रीतीने शरीफावरून शरीफजी. ज्या प्रत्ययाने आपण देवाला घरातल्या मुलाच्या रूपाने हाक मारली, त्याच प्रत्ययाने या घराण्याने पिरालाही घरात घेतले. पिराजी आणि फकिरा ही नावे आपल्या खेड्यापाड्यांतून याच श्रद्धेतून चालत आली. अण्णा भाऊ साठे यांच्या 1959 सालच्या 'फकिरा' या कादंबरीच्या नायकाचे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्याच्या कृपेने मूल झाले त्याचे नाव मुलाला द्यावयाचे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

शरीफजींचे आयुष्य मात्र अल्प ठरले. 1624 साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत निजामशाहीच्या बाजूने लढताना शरीफजी धारातीर्थी पडले. विजय मिळाला, पण शहाजीराजांचा पाठचा भाऊ गेला. इतिहासाच्या पुस्तकांत शरीफजींना याहून अधिक जागा सहसा मिळत नाही.

यानंतर आपण बेंगळुरूला येऊ. 1638 साली विजापूरच्या आदिलशाहीचा सेनापती रणदुल्लाखान याने केंपेगौडांच्या वंशजाकडून हे नगर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या येथील दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात पाहावयास मिळते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो 1922 साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. संस्कृत, मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांतील कवने त्या दरबारात होत असत. आज आपण ज्याला बहुभाषिक शहर म्हणतो त्याची चव भोसल्यांच्या घराने त्या काळीच घेतली होती. 23 जानेवारी 1664 रोजी शहाजीराजांचा अंत झाला तोही याच कर्नाटकात, चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे. त्यांची समाधी तेथे आहे.

त्यांच्यामागे येथील कारभार पाहिला तो त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी. हे नावही पाहण्यासारखे आहे. व्यंकोजी हे व्यंकटेशावरून आले. तिरुमलाचा देव आणि मराठी प्रत्यय यांचा तो संगम आहे. मल्लेश्वरम्‌मधील काडू मल्लेश्वराच्या देवस्थानाला एकोजींनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा 1669 सालचा शिलालेख आहे. त्याची भाषा कन्नड आहे. ज्या मल्लेश्वरम्‌मध्ये आपण भाजी घेतो तेथे एक मराठी नाव कन्नड लिपीत साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ कोरलेले आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना एकदा तरी जागेवर नेऊन दाखवावी अशी माझी विनंती आहे.

या एकोजींना तीन पुत्र झाले. थोरल्याला त्यांनी आपल्या वडिलांचे नाव दिले, शहाजी. दुसऱ्याला दिले ते भातवडीस पडलेल्या चुलत्याचे. ते नाव आता 'सरफोजी' असे उच्चारले जात होते. तिसरा तुकोजी. भोसल्यांच्या घरी ही रीतच दिसते. शिवाजीमहाराजांचे थोरले बंधू संभाजी 1655 च्या सुमारास कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले, आणि 14 मे 1657 रोजी पुरंदरावर जन्मलेल्या आपल्या पुत्राचे नाव महाराजांनी संभाजी ठेवले. रणात पडलेल्याला असे पुन्हा पाळण्यात आणले जाई. एकोजींनी आपल्या चुलत्याला पाहिलेही नव्हते; भातवडीची लढाई त्यांच्या जन्मापूर्वीची. तेव्हा ती आठवण त्यांच्यापर्यंत घरातल्या बोलण्यातूनच आली असली पाहिजे.

शरीफजीचे सरफोजी कसे झाले, याचे उत्तर अवघड नाही. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि बोलण्यात 'श'चा 'स' सहज होतो. तुकोजी, मालोजी, एकोजी यांच्या पंक्तीला बसताना 'शरीफजी'लाही मधला 'ओ' चिकटला. घरात रोज हाक मारता मारता नाव असेच गुळगुळीत होते.

1675-76 च्या सुमारास एकोजींनी तंजावरचे राज्य हस्तगत केले. बेंगळुरू 1687 साली मोगलांच्या हाती गेले आणि त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांना दिले. अशा रीतीने हे नाव आणखी दक्षिणेला, कावेरीच्या काठी गेले. तिघेही बंधू एकामागून एक गादीवर आले. मराठी नाटके रचणारे शहाजीराजे प्रथम, मग 1712 पासून 1728 पर्यंत सरफोजी, आणि नंतर तुकोजी.

तंजावरात या नावाचे खरे नवल घडले. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चारही ध्वनींना एकच अक्षर आहे, आणि दोन स्वरांमध्ये आले की ते 'ब'सारखे उच्चारले जाते. त्यामुळे तमिळ मुखात सरफोजीचे 'सरबोजी' झाले. संस्कृत पंडितांच्या कानांना त्यात 'शरभ' ऐकू आला. शरभ म्हणजे नरसिंहाला शांत करणारे शिवाचे सिंह-पक्षिरूप. कुंभकोणमजवळ त्रिभुवनम् येथील चोळकालीन कंपहरेश्वर मंदिरात शरभाचे प्रसिद्ध स्थान आहे. शैवांच्या त्या प्रदेशात हा अर्थ सहज रुजला, आणि राजाला 'शरभेंद्र' म्हणू लागले. नगरच्या पिराचे नाव चोळदेशात महादेवाचे झाले.

या नावाला कीर्ती मिळवून दिली ती दुसऱ्या सरफोजींनी. तुळजाजीराजांनी दत्तक घेतलेला हा मुलगा श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकला आणि 1798 साली गादीवर आला. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला व सत्ता जेमतेम किल्ल्यापुरती उरली. परंतु 1832 पर्यंतच्या आयुष्यात या राजाने सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट केली, धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास करविला, देवनागरी छापखाना काढून मराठी पुस्तके छापविली. बृहदीश्वराच्या मंदिरात 1803 साली त्याने भोसले वंशाचा इतिहास मराठीत शिळेवर कोरविला. राज्य हातचे गेले तेव्हा त्याने आपली वंशकथा दगडावर लिहून ठेवली.

आता लोकप्रियतेविषयी. हे नाव मुलांना फारसे ठेवले गेले नाही. राजघराण्याबाहेर ते पसरले नाही. पण स्थळांना आणि ग्रंथांना लाभले. 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' हे तमिळ नृत्यनाट्य याच राजावर रचलेले आहे. 'शरभेंद्र वैद्यमुरै' या नावाने तमिळ वैद्यकग्रंथ प्रसिद्ध आहेत. समुद्रकाठी शरभेंद्रराजपट्टिनम् नावाचे गाव आहे. तेथे नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून 1814-15 साली बांधलेली उंच वास्तू उभी असून तिला तमिळ लोक 'मनोरा' असे आपल्याच शब्दाने ओळखतात. तंजावरातील सरकारी महाविद्यालयालाही याच राजाचे नाव आहे.

सभ्य स्त्रीपुरुषहो, या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्या घरांत नातवंडांची बारशी होतात तेव्हा वाद ठरलेला असतो. नाव आटोपशीर असावे, कन्नड शेजाऱ्याला उच्चारता यावे, परदेशी गेल्यास अडचण येऊ नये, असे तरुण म्हणतात. आजोबांचे नाव चालवावे, असे वडीलधारी म्हणतात. दोघांचेही म्हणणे मला समजते. पण नाव जसेच्या तसे राहते अशा भ्रमात वडिलांनी राहू नये. शरीफजीचे सरफोजी झाले, सरबोजी झाले, शरभेंद्र झाले. परमुलुखात राहणाऱ्याच्या नावाला त्या मुलखाची हवा लागणारच, आणि त्यात काही बिघडत नाही.

बिघडते ते निराळ्या ठिकाणी. नाव टिकते आणि त्यामागची गोष्ट सांगणारा कोणी उरत नाही, तेव्हा खरे नुकसान होते. शरभेंद्र म्हटल्यावर ज्याला फक्त शिव आठवतो त्याच्यापुरती नगरची ती दर्गा पुसली गेली, मालोजींच्या घरचा नवस पुसला गेला, आणि भातवडीस पडलेला तो तरुण दुसऱ्यांदा गेला. नवा अर्थ खोटा नव्हे. लोकांनी तो प्रेमाने दिला. परंतु जुन्या अर्थावर तो झाकणासारखा बसू नये, याची काळजी घरच्यांनीच घ्यावयाची असते. ते काम सरकार करीत नाही, शाळाही करीत नाही.

म्हणून माझे आपणांस एवढेच सांगणे आहे. मुलाचे नाव आपल्याला आवडेल ते ठेवा. दोन अक्षरी ठेवा, कन्नड ठेवा, जुने ठेवा. मात्र ते का ठेवले हे त्याला कळत्या वयात सांगा, आणि एका कागदावर लिहून ठेवा. आजीचे नाव काय होते, ती कोणत्या गावची, पणजोबा कोणत्या साली आणि कोणत्या नोकरीनिमित्त या शहरात आले, हे त्यात असू द्या. पन्नास वर्षांच्या वाटचालीत या मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके केली. आता सभासद कुटुंबांच्या अशा नोंदींची एक वही मंडळाने ठेवावी, अशी सूचना मी पदाधिकाऱ्यांपुढे नम्रपणे मांडतो. सरफोजीराजांना त्यासाठी मंदिराची भिंत लागली. आपले काम शंभर पानी वहीत भागेल.