मायोग्लोबिन : साठा आणि खंड

मायोग्लोबिन हे हृदयाच्या आणि हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या पेशींत राहणारे लाल रंगाचे प्रथिन आहे. ऑक्सिजन धरणे, गरज पडताच तो सोडणे आणि पेशीच्या आत तो पुढे सरकवणे ही त्याची कामे. पाठ्यपुस्तकांत त्याची ओळख ‘स्नायूंमधला ऑक्सिजनचा साठा’ एवढ्यावर उरकली जाते. ही ओळ खोटी नाही, पण माणसाच्या बाबतीत तिने गैरसमज होतो. साठा किती आहे, एवढ्यावरून तो पुरेसा आहे की नाही हे ठरत नाही. पुरवठ्यात खंड किती वेळाचा पडतो आणि तेवढा वेळ साठा पुरतो का, हे पाहावे लागते. मायोग्लोबिनचे वर्तन या कसोटीला लावल्याशिवाय नीट कळत नाही.

हिमोग्लोबिनविषयी नव्याने सांगण्याची गरज नाही. रक्ततपासणीचा कागद घरोघरी असतो. हिमोग्लोबिन तांबड्या पेशीत असते, त्याच्या साखळ्या चार आणि ते एका वेळी ऑक्सिजनचे चार रेणू धरते, एवढी उजळणी पुरे. मायोग्लोबिनची साखळी एकच, 153 अमिनो आम्लांची. रेणुभार सुमारे 17,000, म्हणजे हिमोग्लोबिनच्या जवळपास चौथाई. ही साखळी आठ मळसूत्री तुकड्यांत वळते, ते तुकडे एकमेकांवर घडी घालून बसतात आणि त्यांच्या खाचेत हीम नावाचे चपटे कडे असते. हीमच्या मधोमध लोहाचा एक अणू. एका बाजूने त्याला हिस्टिडीन या अमिनो आम्लाने धरलेले असते, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनचा रेणू येतो आणि जातो. नुसते हीम पाण्यात सोडले तर त्यातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन ते लगेच निकामी होते. प्रथिनाच्या घडीत मात्र ते शाबूत राहते. ऑक्सिजन धरण्याचे काम लोहाचे; लोहाला जपण्याचे काम प्रथिनाचे.

ही घडी माणसाला प्रत्यक्ष दिसली ती 1950च्या दशकाच्या अखेरीस. केंब्रिजमधील जॉन केंड्रू दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या संशोधन विभागात होते आणि त्या काळात ते सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, होते. तिथे स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्याशी झालेल्या चर्चांमुळे त्यांचे लक्ष प्रथिनांकडे वळले. घोड्याच्या मायोग्लोबिनचे स्फटिक मनासारखे मिळेनात, म्हणून त्यांनी स्पर्म देवमाशाचे मांस मिळवले. ते पेरू देशाच्या किनाऱ्यावरून आले होते. क्ष-किरणांचे हजारो ठिपके मोजायचे आणि त्यांचे गणित एडसॅक या सुरुवातीच्या संगणकावर सोडवायचे, असे ते काम होते. 1958 साली ढोबळ आकृती प्रसिद्ध झाली, 1960 साली बारकाव्यांसह दुसरी. त्रिमितीय रचना उलगडलेले जगातले पहिले प्रथिन ते हेच. केंड्रू आणि हिमोग्लोबिनवर काम करणारे मॅक्स पेरुत्झ यांना 1962 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लायनस पॉलिंग यांनी 1951 साली कागदावर मांडलेले मळसूत्र या रेणूत खरेच आढळले.

मायोग्लोबिन उघड्या डोळ्यांनी दिसण्याची जागा म्हणजे मटणाचे दुकान. हे उदाहरण काहींना रुचणार नाही. पण ते टाळले तर एक मोठा गैरसमज तसाच राहतो. मांसाचा लाल रंग रक्ताचा असतो, असे सर्रास मानले जाते. खाटिक बहुतेक रक्त आधीच वाहून जाऊ देतो; उरणारा लाल रंग मुख्यतः मायोग्लोबिनचा असतो. मांडीचा तुकडा कापल्याबरोबर आतली बाजू जांभळट दिसते, कारण तिथल्या मायोग्लोबिनवर ऑक्सिजन नसतो. हवा लागली की अर्ध्या तासाच्या आत तीच बाजू लालभडक होते. बराच वेळ पडून राहिल्यावर ती तपकिरी पडते. लोहाचे ऑक्सिडीकरण झालेले असते आणि असे मायोग्लोबिन ऑक्सिजन धरत नाही. शिजताना प्रथिनाची घडी मोडते, म्हणूनही रंग तपकिरी होतो. गावरान कोंबडीची टांग गडद आणि छाती पांढरट का, याचे उत्तरही इथेच आहे. कोंबडी दिवसभर पायांवर असते, पंख मात्र क्षणभर फडफडवते. कबुतर दूरवर उडते, म्हणून त्याच्या छातीचा स्नायू गडद लाल असतो. सावकाश आणि सतत राबणाऱ्या तंतूंत मायोग्लोबिन भरपूर, झटक्यात जोर लावून थकणाऱ्या तंतूंत कमी. दिवसभर नांगर ओढणाऱ्या बैलाची भिस्त पहिल्या प्रकारच्या तंतूंवर असते, शर्यतीत काही सेकंद सुसाट धावणाऱ्या बैलाची दुसऱ्या.

आता साठ्याचा हिशेब. सत्तर किलोच्या माणसात अदमासे 28 किलो स्नायू असतात आणि दर किलो स्नायूत चार-पाच ग्रॅम मायोग्लोबिन. एक ग्रॅम मायोग्लोबिन साधारण 1.3 मिलिलिटर ऑक्सिजन धरते. सगळे मिळून दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटर होतात. स्वस्थ बसलेले शरीर मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरते. जोरात धावताना हा आकडा तीन लिटरवर जातो. म्हणजे हा सगळा साठा बसल्या जागी मिनिटभरही पुरत नाही आणि धावताना तीन-चार सेकंदांत संपतो. निव्वळ साठा म्हणून पाहिले तर हे प्रथिन बाळगण्यात शरीराचा काही फायदा दिसत नाही.

हृदयाच्या बाबतीत चित्र पालटते. डाव्या कप्प्याची जाड भिंत आकुंचन पावते तेव्हा तिच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तिथला रक्तपुरवठा जवळजवळ थांबतो. हृदयाला स्वतःसाठी रक्त मिळते ते मुख्यतः शिथिल होताना. प्रत्येक ठोक्याला सुमारे 0.3 सेकंदाचा हा खंड, दिवसात लाखभर वेळा. हृदयस्नायूतल्या मायोग्लोबिनवरचा ऑक्सिजन त्याला दोन-तीन सेकंद पुरेल इतका असतो, म्हणजे खंडाच्या कित्येक पट. गोदावरीच्या उजव्या कालव्यावर पेरूची बाग असलेल्या शेतकऱ्याला हे गणित समजावण्याची गरज नाही. पाणी आवर्तनाने येते. शेततळे वर्षभर पुरणारे नसते, पण दोन आवर्तनांमधला काळ त्याने निभावला तर झाडे जगतात. शेततळ्याचे माप पावसाळ्यावरून कोणी काढत नाही, आवर्तनाच्या अंतरावरून काढतात. मायोग्लोबिनचे मापही ठोक्यांच्या अंतरावरून काढले पाहिजे. पाठ्यपुस्तकांनी ‘साठा’ या शब्दापुढे ‘किती वेळासाठी’ हे लिहायला हवे.

हे काम जमते ते ऑक्सिजन धरण्याच्या पकडीमुळे. ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या 26-27 मिलिमीटरपर्यंत उतरला की हिमोग्लोबिन निम्मे रिकामे होते. मायोग्लोबिन निम्मे रिकामे व्हायला तो दोन-तीन मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो. म्हणून रक्तातला ऑक्सिजन स्नायू खेचून घेतो आणि पेशीत खरी टंचाई झाल्यावरच सोडतो. जोराच्या व्यायामात मांडीच्या स्नायूतला दाब याच टप्प्यावर येतो. चुंबकीय अनुनादाच्या मोजमापांत व्यायाम सुरू झाल्यापासून काही सेकंदांतच मायोग्लोबिन रिते होऊ लागलेले दिसते. ऑक्सिजन घेतलेले मायोग्लोबिन पेशीत स्वतःही हलते आणि केशवाहिनीकडून तंतुकणिकेकडे ऑक्सिजन नेते. नायट्रिक ऑक्साइड निकामी करून तंतुकणिकांचे श्वसन सुरळीत ठेवण्याचे कामही त्याचे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. 1998 साली मायोग्लोबिनचा जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले. ते जगले, व्याले आणि व्यायामातही मागे पडले नाहीत. मग हे प्रथिन अनावश्यक ठरते का? तसे ठरत नाही. त्या उंदरांच्या हृदयात केशवाहिन्यांचे जाळे दाट झाले होते, हृदयाचा रक्तप्रवाह वाढला होता आणि रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाणही वाढले होते. मायोग्लोबिनची उणीव भरून काढायला शरीराला एवढे बदल करावे लागले, यावरूनच त्याचे काम किती मोठे आहे ते कळते.

‘साठा’ हा शब्द शंभर टक्के लागू पडतो तो देवमासे आणि सील यांना. स्पर्म देवमासा हजार मीटरपेक्षा खोल जातो आणि तासाभराने वर येतो. तिथे खंडच तासाभराचा, म्हणून मायोग्लोबिनही माणसाच्या दसपट किंवा त्याहून अधिक; स्नायू जवळजवळ काळा दिसतो. इतके दाट प्रथिन एकमेकांना चिकटून गोळे व्हायला हवे होते. तसे होत नाही, कारण देवमाशांच्या मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावर धन विद्युतभार जास्त असतो आणि रेणू एकमेकांना दूर सारतात. हे 2013 साली दाखवून देण्यात आले. देवमाशांचे चार पायांचे पूर्वज भारतीय उपखंडात राहत होते. त्यांच्या वंशात हा भार कधी वाढत गेला, याचा अंदाज आजच्या प्राण्यांच्या मायोग्लोबिनवरून बांधता येतो.

स्नायूच्या आत इतके उपयोगी असलेले हे प्रथिन बाहेर सुटले की घात करते. गोठा असलेल्या माणसाला ‘लाल मूत्र’ हा शब्द परिचयाचा आहे. संकरित गाईला गोचिडांतून बबेसिया या परजीवीची लागण झाली की लघवी कॉफीच्या रंगाची होते. व्यायल्यानंतर काही आठवड्यांत फॉस्फरस कमी पडलेल्या म्हशीलाही असेच होते. या दोन्हींत तांबड्या पेशी फुटतात, म्हणजे लघवीत उतरते ते हिमोग्लोबिन. सारंगखेड्याच्या बाजारात घोडे नेणाऱ्यांना वेगळा प्रकार ठाऊक असतो. भरपूर खुराक खाऊन दोन दिवस उभा राहिलेला घोडा एकदम कामाला जुंपला की त्याचा मागचा भाग ताठरतो आणि लघवी गडद होते. तिथे फुटलेला असतो स्नायू आणि लघवीत असते मायोग्लोबिन. नुसत्या लघवीच्या रंगावरून फरक कळत नाही. रक्त नळीत फिरवून वर आलेला द्रव पाहिला तर अंदाज येतो. हिमोग्लोबिन सुटले असेल तर तो गुलाबी दिसतो, कारण मोठ्या रेणूचे हिमोग्लोबिन रक्तातल्या हॅप्टोग्लोबिन या प्रथिनाला बांधले जाऊन तिथेच रेंगाळते. मायोग्लोबिन लहान, ते मूत्रपिंडातून झपाट्याने निघून जाते आणि द्रव स्वच्छ राहतो. कारण बदलले की उपचार बदलतो, म्हणून हा भाग इतका लांबवावा लागला.

आता माणसापुरते बोलून विषय पुरा करणे भाग आहे.  1941 साली लंडनवरील बाँबहल्ल्यांनंतर बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ढिगाऱ्याखालून सुटलेल्या चार जणांची हकिकत प्रसिद्ध केली. हातपाय तासन्‌तास दबलेले. बाहेर काढल्यावर प्रकृती बरी वाटे, मग रक्तदाब कोसळे, लघवी तपकिरी होई आणि मूत्रपिंडे बंद पडून आठवडाभरात मृत्यू येई. दाब उठताच चिरडलेल्या स्नायूतले मायोग्लोबिन आणि पोटॅशियम रक्तात लोटते. पोटॅशियम हृदय थांबवू शकते. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत, विशेषतः लघवी दाट आणि आम्लयुक्त असताना, साकळते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात घरे कोसळली ती जाड दगडमातीच्या भिंतींची आणि वर मातीचा भार असलेली होती. अशा ढिगाऱ्याखाली मांडी अडकलेल्या माणसाला शक्यतो ओझे उचलण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करायचे असते.

भूकंप नसतानाही हे घडते. विहीर खणताना दरड कोसळणे, मोटारीच्या वायरचा जबर झटका, कोकण किनाऱ्यावर समुद्रसर्पाचा दंश, ही कारणे आहेतच. सराव नसलेल्या पोराने पोलीस भरतीच्या ईर्ष्येने एकाच दिवशी शेकडो बैठका मारल्या, किंवा भर उन्हात पाणी न पिता ऊस तोडला, तरी स्नायू फुटू शकतात. लघवी लाल झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा आणि धण्याचे पाणी दिले जाते. अंग जबर दुखत असेल आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची असेल तर तेवढ्यावर थांबू नये. लघवीच्या पट्टीवर ‘रक्त’ दिसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी सापडत नाहीत, हा मायोग्लोबिनचा इशारा आहे. खात्रीसाठी रक्तातील सीके हे विकर तपासतात, कारण मायोग्लोबिन स्वतः काही तासांतच रक्तातून नाहीसे होते. अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. वेळेवर सलाइन मिळाले तर बहुतेकांची मूत्रपिंडे वाचतात.